चाळिसावं पान

प्रिय खारूताई,

तुझा निरोप आला त्याला आता पंधरा दिवस होतील. "बाबा, एकोणचाळीस कार्डं ठरली. चाळिसावं 'पहारेकरी' घालू की 'उघडं दार'? सगळे म्हणतात दार घालणं म्हणजे वेडेपणा. तू कोपरे तपासून सांग. एकदा यादी दिली की बदल नाही." एवढंच, आणि खाली एक हसरा चेहरा. त्या चेहऱ्याला मी फसलो नाही. एवढ्या मोठ्या स्पर्धेला तुमचा तिघांचा संघ निवडला गेला, त्यात तिसऱ्या पटावर तू. म्हणजे पहिले दोघं एकेक जिंकले-हरले की सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळणार. अशा वेळी माणूस एका पानाबद्दल विचारतो तेव्हा तो घाबरलेला असतो, हे मला कळतं. म्हणून उत्तर आधी देतो, कारणं मागून. 'उघडं दार' घाल. एकच घाल, दोन नकोत. आणि 'पहारेकरी'ही राहू दे. जागा कशी करायची ते पुढे येईलच.

फोनवर सांगता आलं असतं, पण आपलं फोनवरचं बोलणं तुला माहीत आहे. जेवलास का, जेवलो. ठीक आहेस ना, ठीक. मग तू म्हणतेस ठेवते, मी म्हणतो ठेव. त्यात एवढं सगळं कुठे बसणार? शिवाय तुझ्या संघातला तो उंच मुलगा, ज्याला तू उंटराव म्हणतेस, तो या पानावर सगळ्यात जास्त हसला असं तूच सांगितलंस. त्याला हे पत्र वाचून दाखव. शेवटचा कागद तेवढा सोडून. तो तुझ्यापुरता आहे.

दुकानात दुरुस्तीला आलेला वजनकाटा तपासायच्या आधी तो सपाट जागेवर उभा आहे ना, हे बघावं लागतं. तसा मला कळलेला खेळ आधी मांडतो, म्हणजे माझं चुकत असलं तर उंटरावला तिथेच धरता येईल. प्रत्येकाची चाळीस पानांची गड्डी, आपापली, घरून जुळवून आणलेली. प्रत्येक पाळीला एक पान ओढायचं, आणि पाळीगणिक बळ एकेकाने वाढत जाणार. त्या बळाच्या मोबदल्यात लढवय्ये मांडायचे, सापळे पुरायचे, समोरच्याचे वीस प्राण संपवायचे. ज्याच्या हातात जास्त पानं, त्याच्याकडे जास्त वाटा. पानं ओढून देणारं पान म्हणून महाग असतं. 'भरलं कोठार' चार बळ घेतं आणि दोनच पानं देतं. 'उघडं दार' दोन बळात तीन देतं. हे इतकं स्वस्त का, तर त्यावर अट आहे. आधी हातातली सगळी पानं समोरच्यापुढे उघडी मांडायची आणि आपली पुढची पाळी येईपर्यंत तशीच ठेवायची. त्यानंतर तीन ओढायची. नवी तीन मात्र झाकलेलीच राहतात. आधी दाखवायचं, मग घ्यायचं, हा क्रम लोक वाचतात आणि विसरतात.

उंटराव म्हणाला ना, झाकली मूठ सव्वा लाखाची? मोठ्या माणसासारखं बोलला. माझ्या दुकानात येणारे वाणी, कासार, भंगारवाले सगळे हेच म्हणाले असते. मीही म्हणालो असतो. पण आपल्या घरात आपण हा खेळ शिकलो तोच उलटा शिकलो, हे त्याला माहीत नाही, आणि तू त्याला सांगितलंही नसशील.

तू बारा वर्षांची होतीस. शाळेतल्या मैत्रिणीने तिची जास्तीची पानं तुला दिली होती आणि तू ती खारीसारखी घरभर लपवून ठेवायचीस, तांदळाच्या डब्यामागे, माझ्या बुटात. खेळायला जोडीदार नव्हता, म्हणून मला बसवलंस. आई तेव्हा खिडकीजवळच्या खाटेवर असायची. तिला उठवत नव्हतं, पण नजर घारीची होती. आपण खाटेला टेबल लावून खेळायचो. तिला उशाशी टेकून बसवलं की तिला माझीही पानं दिसायची आणि तुझीही, आणि तिच्याने गप्प बसवत नसे. "अगं, तिकडे नको जाऊस, बाबाकडे कोल्ह्याचा खड्डा आहे." मी म्हणायचो, "अगं, तू कुणाच्या बाजूची?" ती म्हणायची, "मी खेळाच्या बाजूची." चार दिवस आपण चिडलो, पानं छातीशी धरून पाठ वळवून बसलो, आणि ती बिचारी छताकडे बघत राहिली. पाचव्या दिवशी तूच पानं टेबलावर उताणी टाकलीस आणि म्हणालीस, "आता बघ म्हणावं." मीही टाकली. मग तिघांनी मिळून तो डाव खेळला. तेव्हापासून आपल्या घरात उघडाच डाव. कुणाकडे काय आहे ते सगळ्यांना ठाऊक, आणि तरीही कोण जिंकेल ते शेवटपर्यंत ठाऊक नाही. मला वाटतं, ती तीन वर्षं आपल्याला त्या टेबलाने तारलं. देवापुढे दिवा लावून झाला की पानं पिसायची, हा आपला नेमच होता.

त्याचा परिणाम काय झाला हे आठवून मला दुकानात एकट्यानेच हसू येतं, आणि गिऱ्हाईक समजतं की मी त्याच्या काट्याला हसतोय. तुझी पहिली स्पर्धा. शाळेच्या व्यायामशाळेत ओळीने टेबलं मांडलेली. समोर तुझ्यापेक्षा डोक्याने उंच एक मुलगा. सुरुवातीची पानं ओढून झाली आणि तू सवयीने आपली सगळी पानं त्याच्यापुढे उताणी मांडून ठेवलीस. त्या मुलाने आधी पानांकडे बघितलं, मग तुझ्याकडे, मग हात वर करून पंचांना बोलावलं. पंचांनी नियमांची चोपडी चाळली आणि म्हणाले, "दाखवू नये असं कुठे लिहिलेलं नाही." तुझे कान लाल झाले. मी भिंतीपाशी उभा होतो. वाटलं, तू आता पानं गोळा करशील. तू केली नाहीस. म्हणालीस, "राहू दे, आता बघितलीच आहेत त्याने." तू हरलीस, पण अगदी थोडक्यात, आणि तो मुलगा उठला तेव्हा घामाघूम झाला होता. घरी येऊन तू आईला सांगितलंस तर ती इतकी हसली की मला तिला धरून बसवावं लागलं. मग दम खाऊन ती जे म्हणाली, ते मी अजून विसरलो नाही. म्हणाली, "तो तुझी पानं वाचत बसला, त्यात स्वतःची वाचायला विसरला. तुला एक पान बरं आलं असतं ना, तर गेलाच होता."

आता तपासणीकडे येतो. मधोमध वजन ठेवलं तर कुठलाही काटा शहाण्यासारखा वागतो. खरा काटा कळतो तो कोपऱ्यांवर. एकेका कोपऱ्यावर तेच वजन ठेवायचं आणि बघायचं, कुठे खोटं बोलतोय का. पानाचंही तसंच. उंटराव म्हणतो तो वाईटातला वाईट प्रसंग, आणि तू मनात धरून बसली आहेस तो चांगल्यातला चांगला. दोघांनीही वजन एकेकाच जागी ठेवून बघितलंय. मी चार कोपरे घेतले. पान अगदी सुरुवातीला आलं तर, शेवटाला आलं तर, आपण पुढे असताना आलं तर, आणि मागे असताना आलं तर. तू पाठवलेल्या यादीवरून तुझी गड्डी जुळवली, जी पानं नव्हती ती पुठ्ठ्यावर लिहून कापली, आणि समोर आळीपाळीने तीन तऱ्हेच्या गड्ड्या ठेवल्या. चढाईवाली, सापळेवाली, आणि सावकाश डोंगर रचणारी.

समोर खेळायला कोण, हे विचारशील. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या बाई. शाळेतून येताना तू ज्यांच्याकडे पावाच्या कडा मागायचीस, त्याच. गेल्या वर्षी पिठाचा काटा घेऊन आल्या, "तुमचा काटा माझ्यावरच का रुसतो हो?" असं म्हणत. मी तो उघडून बसलो होतो तेवढ्यात त्यांना खणातली पानं दिसली. "दुकानात पत्ते कुटता? मी समजत होते साधा माणूस आहे." हे साधे पत्ते नाहीत म्हणून समजावून सांगायला गेलो, तर समजावण्यातच काटा राहून गेला आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी वाट्यांनी पीठ मोजलं. पाव दगडासारखा झाला म्हणे. त्याचा राग धरून त्या खेळ शिकल्या, मला हरवायचं म्हणून. आता संध्याकाळची भट्टी विझली की मागच्या बाजूच्या लांब टेबलावर, पीठ पुसून, आम्ही बसतो. त्या चढाईवाल्या आहेत. विचार करत नाहीत असं वाटतं, पण त्यांच्या हाताला विचार असतो, कणीक मळणाऱ्याच्या असतो तसा.

पहिला कोपरा, सुरुवात. इथे पान खोटं बोलतं, हे मी झाकणार नाही. दुसऱ्या पाळीला दोन बळ असतात. ती दारावर खर्च केली तर पटावर कुणी उभं नाही, आणि चढाईवाला सरळ घरात शिरतो. वर त्याला हेही दिसतं की आपण त्याला कशाने अडवणार. बाईंनी मला असं इतक्यांदा झोपवलं की शेवटी त्याच म्हणाल्या, "अहो, तुम्ही मुद्दाम हरताय का? मला दया आवडत नाही." तेव्हा नियम एकच, समोर चढाईवाला असेल तर सुरुवातीला दार उघडायचं नाही, हातात धरून ठेवायचं. धरून ठेवलेलं पान म्हणजे तेवढा वेळ एक पान कमी, हा तोटा मी धरलाय.

दुसरा कोपरा, शेवट. इथे याच्याइतकं चांगलं पान या खेळात मी पाहिलं नाही. दोघांचेही हात रिकामे, पटावर दमलेले दोन-चार लढवय्ये, आणि आपण ओढतो तर 'उघडं दार'. दाखवायला काही नाहीच, आणि घ्यायला तीन. 'पहारेकरी' अशा वेळी एक वार अडवतो आणि मरतो. तुझ्या म्हणण्याप्रमाणे यंदा डोंगर रचणारे जास्त आहेत, म्हणजे डाव लांबणार, म्हणजे हा कोपरा वारंवार येणार.

पुढे असताना पान ठीक आहे, त्यापलीकडे काही नाही. जिंकणाऱ्याने आणखी तीन पानं घेतली काय, न घेतली काय. पण मागे असताना जे होतं ते बघण्यासारखं असतं. माझ्याकडे त्या दिवशी तीन पानं होती, तिन्ही निकामी. दार उघडलं, मांडली पुढे. बाईंनी चष्मा वर केला, एकेक पान वाचलं आणि म्हणाल्या, "आता तुमचं काही खरं नाही." एकही लढवय्या मागे न ठेवता सगळे माझ्यावर सोडले. त्यांनी पाहिलेलं खोटं नव्हतं. पण जे पाहिलं तेवढंच माझ्याकडे आहे असं त्या धरून चालल्या, आणि मागून आलेली तीन पानं त्यांनी पाहिलेली नव्हती. त्यात 'भरती' होती, पटावरचे सगळे लढवय्ये वाहून नेणारी. पट धुऊन निघाला. त्यांनी हातातलं फडकं माझ्या अंगावर फेकलं. "हा काय खेळ झाला? दाखवायचं एक आणि..." मी म्हटलं, जे दाखवलं ते खरंच होतं, बाई. तुझी आई म्हणाली होती तेच. समोरचा आपली पानं वाचत बसतो.

आणि सापळेवाली गड्डी. इथे मला तुझ्या गड्डीतली चूक सापडली. तू 'कोल्ह्याचा खड्डा' हे सापळ्याचं पान दोनदा घातलं आहेस. खड्ड्याची सगळी किंमत तो दिसत नाही यात आहे. दार उघडलं आणि हातात खड्डा असला की तो खड्डा मेला. आणि खड्डा वाचवायचा म्हणून दार उघडलं नाही तर दार मेलं. मी बघत होतो, तुझी गड्डी खेळताना माझा हात थबकायचा तो नेमका इथे. एकाच घरात दार सताड उघडं ठेवायचं आणि दाराआड माणूसही दडवायचा, हे दोन्ही चालत नाही. म्हणून दोन्ही खड्डे काढ. एका जागी 'उघडं दार', एका जागी आणखी एक 'भरती'. चाळिसाव्या जागी तुझा 'पहारेकरी' तसाच. तू विचारलंस दोघांपैकी कोण. भांडण त्या दोघांत नव्हतंच, दार आणि खड्ड्यात होतं. असं करून आम्ही पुन्हा खेळलो. डोंगर रचणाऱ्यांपुढे गड्डी आता दहातले सात डाव घेते. चढाईवाल्यांपुढे बरोबरीची आहे. त्याहून जास्त कुणी कबूल करत असेल तर तो काटा दाबून धरतोय असं समज.

उंटरावच्या म्हणीबद्दल मी बराच विचार केला, कारण म्हणी उगाच झालेल्या नसतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरं. पण मिटलेल्या मुठीत नवं काही घेता येत नाही. गावच्या शाळेत आम्हाला एकच गुरुजी होते, चारही इयत्तांना. प्रार्थनेच्या वेळी कुणी मुठीत चिंच-बिंच धरून हात जोडले तर त्यांना बरोब्बर कळायचं. मारायचे नाहीत. म्हणायचे, "आधी ते ठेव बाहेर. देव देईल ते घ्यायला हात मोकळा नको?" तेव्हा आम्हाला वाटायचं, गुरुजींना चिंच हवी आहे. आता रोज दिव्यापुढे हात जोडताना ते आठवतं. मी देवाकडे तुझी जीत मागत नाही. समोर पण कुणाचं तरी लेकरू बसलेलं असणार. डोकं थाऱ्यावर राहू दे, एवढंच मागतो, आणि ते तो देतो असा माझा अनुभव आहे.

एक गोष्ट मात्र तपासणीत आकड्यांनी कळली नाही. शेवटी शेवटी आम्ही गड्ड्या बदलल्या, तुझी बाईंना दिली. पान त्यांच्या हाताला आलं हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं, पण त्या ते खेळायच्याच नाहीत. हरत बसायच्या. मी म्हटलं, "अहो, तपासणी आहे ही, खेळा की." तर म्हणाल्या, "तुम्हाला सवय आहे. मी माझं कुणाला दाखवलेलं नाही." त्यांचे यजमान लवकर गेले, दुकान एकटीने उभं केलं, पीठवाल्यापासून भाडेकरूपर्यंत सगळ्यांशी मूठ झाकूनच वागावं लागलं त्यांना. मी आग्रह केला नाही. मग मागच्या आठवड्यात, कशी कोण जाणे, त्यांनी दोन बळ खर्च केली आणि एकेक करून सगळी पानं माझ्यापुढे मांडली. फार सावकाश. म्हणाल्या, "बघा, हे असं आहे माझं. काहीच नाही." खरंच काही नव्हतं. माझी पाळी आली की मी तो डाव एका वाराने संपवू शकणार होतो. मी पानांकडे बघत राहिलो आणि माझी पानं वाचायला विसरलो. त्यांनी तीन ओढली, बघितली आणि इतक्या मोठ्याने हसल्या की पुढच्या बाजूला उभं असलेलं गिऱ्हाईक डोकावलं. तो डाव मी हरलो, बरं का. तपासणीत तोही धरलाय.

बाकी दुकान बरं चाललंय. विजेवरचे काटे आले तरी कोपऱ्यांवर खोटं बोलायची खोड त्यांनी सोडलेली नाही, तेव्हा माझी भाकरी शाबूत आहे. डाव्या गुडघ्याची कुरकुर असते, पण संध्याकाळी बेकरीपर्यंत चालणं होतं, त्याने बरा आहे. स्वयंपाकघराला नवे पडदे लागलेत, पिवळे. तू म्हणशील, बाबाला पडद्यातलं काय कळतं. काही कळत नाही. मी निवडलेले नाहीत.

आता शेवटचा कागद.

बेकरीवाल्या बाई आणि मी लग्न करायचं ठरवतोय. हे तुला स्पर्धा झाल्यावर सांगावं असं त्यांचं म्हणणं होतं. "पोरीचं डोकं कशाला आत्ता फिरवताय? महिन्याने काय बिघडणार आहे?" मी दोन दिवस विचार केला आणि मला जमेना. तुला लिहायचं की दार उघडं ठेव आणि खड्डे काढून टाक, आणि स्वतः दाराआड एवढं मोठं पान लपवून बसायचं! मग या तपासणीला काय अर्थ? तुझं डोकं एवढ्याने फिरत नाही हेही मला माहीत आहे. कान लाल झाले तरी तू पानं गोळा केली नव्हतीस. तेव्हा माझी सगळी पानं मांडतो. आई गेल्यावर, आणि त्याहून जास्त तू शिकायला गेल्यावर, मी फोनवर 'ठीक' म्हणायचो तेव्हा ठीक नव्हतो. अलीकडे 'ठीक' म्हणतो ते खरं असतं. शब्द तोच असल्यामुळे तुला फरक कळला नसणार, आणि म्हणून तू अजून रोज सराव अर्धा टाकून मी जेवलो का ते विचारतेस. मी जेवतो. संध्याकाळी बेकरीच्या मागच्या टेबलावर, गरम जेवतो, आणि भांडत भांडत जेवतो. आता सराव पुरा करत जा. तुझ्या आईची जागा कुणाला दिलेली नाही. खिडकीजवळ खाट होती तिथे मी काही ठेवलेलं नाही, आणि बाई पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा न सांगता त्या जागेला वळसा घालून गेल्या. त्यांना आई म्हणायची गरज नाही, तू म्हणायचीस तसं बेकरीमावशी म्हण. तारीख धरलेली नाही, ती तुझ्याशिवाय धरायची नाही. तुला राग येईल, रडू येईल, की हे वाचून तू हसशील, ते मला माहीत नाही. ती अजून न ओढलेली पानं आहेत. मी घाबरलेलो नाही. तुझी यादी बिनधास्त दे, तिसऱ्या पटावर खुशाल बस, आणि जिंकलीस-हरलीस तरी तिथून सरळ घरी ये. खाटेची जागा तशीच मोकळी ठेवून टेबल पुन्हा तिच्या कडेला ओढलंय, तीन खुर्च्या मांडल्यात. बाईंना सगळं येतं, पण आपला उघडा डाव मी त्यांना अजून शिकवलेला नाही. तो माझा एकट्याचा नाही. मी नुसतं नाव काढलं तर त्यांनी पानं एप्रनच्या खिशात घातली. त्यांना तो तू शिकवावास, एवढ्यासाठी हे पत्र.

तुझाच, सगळी पानं मांडून बसलेला,
बाबा